पुतळाबाईंच्या हातचं पाणी

खरं तर मी हे लिहिणारच नव्हते. कोयत्यावर काय लिहायचं? पण कळंबच्या पुतळाबाईंचं परवाचं कळलं आणि राहवेचना.

नवऱ्याचा, भीमाचा, हात मोडला आणि लोहाराची भट्टी थंडावली. लोहारांच्या घरांत बाई भाता ओढते, घणसुद्धा मारते. पण सांडशी धरायची, तापल्या पात्याला पाणी द्यायचं, ते बाप्यानंच. सत्त्याण्णव साल उजाडलं तरी तेच! पुतळाबाईंनी घण दिला जावेच्या, छबूबाईच्या, हातात आणि सांडशी उचलली स्वतः.

ऊसतोडीचा मुकादम सर्जेराव कोयते सांगायला आला आणि खो खो हसला. "वैनी, बाईच्या हातचं पाणी? पैल्याच फडात तुकडं हुतील की!"

"बसा तर खरं."

बारामतीच्या भंगारातून त्यांनी जीपचा कमानपाटा, म्हणजे चाकावरची पोलादी स्प्रिंग, आणला होता. ट्रकचा जाड, दिवसभर उचलून मनगट जातं. बाजारची पट्टी मऊ, धारच धरत नाही. पाटा ठोकून झाला, पण रागाच्या भरात अख्खं पातं पाण्यात बुडवलं, ते काचेसारखं ठिसूळ झालं. सर्जेरावानं दगडावर हाणलं. टवका उडाला!

"बगा!"

"बगितलं. चूक माजी हाय, बाईपणाची न्हाय."

दुसरं पातं. ऊस बुडात, मातीला लागून तोडायचा, तिथं दगड असायचेच. म्हणून टोकाकडं वजन ठेवलं, पोटाला बाक दिला. पाण्यात फक्त धार बुडवली, पाठीची ऊब हळूहळू धारेत उतरू दिली, मगच सगळं विझवलं. सर्जेरावानं पुन्हा हाणलं. धार जराशी मुरडली, पातं शाबूत!

"झ्याक! सगळे हेच द्या. पन गड्यांस्नी सांगनार, भीमानं केलं. न्हायतर हात लावायचे न्हाईत."

"सांगू दे की पुतळे," भीमा खाटेवरून म्हणाला. "काम तर मिळंल."

पुतळाबाईंनी सर्जेरावाच्या हातातून कोयता काढूनच घेतला. छिन्नीनं पाठीवर ठसठशीत 'पु' ठोकला. "आता न्या, कुनी केलं ते सांगून. ज्याला चालत न्हाय त्यानं ऊस दातानं तोडावा!"

सर्जेराव रिकाम्या हातानं गेला. काम गेलं. छबूबाईनं घण खाली ठेवला.

"उचल गं," पुतळाबाई म्हणाल्या आणि पुढचा पाटा भट्टीत सारला.

तोडणी दिवाळीनंतर लागेल. त्याआधी जा कळंबला, त्यांच्याकडून कोयता करून घ्या. आणि कोयता कुणी केला, ते गावभर सांगा!