लेम्पी नाही म्हणाली तो शनिवार

आमच्या गावचा स्कीचा डोंगर म्हणजे खरं तर टेकडीच. वर उभं राहिलं की खाली लावलेली आपली गाडी ओळखू येते. माणसांना वर ओढून नेणारा एक दोर, तो फिरवणारं जुन्या ट्रकचं इंजिन आणि पायथ्याशी शेगडी पेटवलेली एक लाकडी खोली, एवढाच कारभार. मालक कोणी नाही. गावातले चारपाच जण समिती करून तो चालवतात. पण हिवाळ्यात डोंगर कधी उघडायचा हे समिती ठरवत नाही. ते लेम्पी मेत्साला ही बाई ठरवते.

लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. पाच दिवस मुलांना जेवण वाढते आणि शनिवार-रविवार लाल जाकीट घालून डोंगरावर गस्त घालते. पडलेल्याला बर्फावरून ओढायच्या स्लेजवर बांधून खाली आणायचं, जिथे धोका आहे तिथे उभं राहायचं, हे गस्तीचं काम. त्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. नवरा गेल्यावर ती पथकाची प्रमुख झाली. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून, असं ती सांगते. लहानथोर सगळे तिला नुसतं लेम्पी म्हणतात.

गोड बोलणं तिला जमत नाही. माझी रेवा लहान असताना पहिल्यांदा दोर धरायला गेली, आणि मी खालून सारखी "सांभाळ गं, सांभाळ" करत होते. लेम्पी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "तू जरा गप्प बस. तुझ्याकडे बघता बघताच पडेल ती." मग तिने रेवाला आधी पडायलाच शिकवलं. अख्खी सकाळ नुसतं पडणं. मला राग आला होता. पण त्या रात्री मला झोप लागली हेही खरं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार हा आमच्याकडे डोंगर उघडायचा दिवस. हरणांच्या शिकारीचा मोसम संपत आलेला असतो, आणि पोटासाठी बाहेर गेलेली मुलं त्या दोन दिवसांसाठी घरी येतात. तांब्याची खाण बंद झाल्यापासून गाव भरलेलं दिसतं ते तेव्हाच. आभाळातून मात्र बरेचदा तोवर पुरेसा बर्फ पडलेला नसतो. रात्री थंडी पडली की दोन तोफांनी पाणी उडवून बर्फ पाडतात, आणि तपकिरी गवतातून वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा उतरतो. तो दिसला की सगळ्यांचे पाय शिवशिवायला लागतात.

घात होतो तो इथेच. उताराच्या मध्यावर, डाव्या अंगाला, खाणीच्या जुन्या इंजिनघराचा दगडी पाया आहे. त्याला सगळे तळघर म्हणतात. जानेवारीत गावाशेजारच्या मोठ्या सरोवरावरचा वारा तो खड्डा बर्फाने गच्च भरून टाकतो आणि काठावर छान उंचवटा तयार होतो. गावातलं प्रत्येक मूल त्यावरून उड्या मारत मोठं झालेलं. वरून तीन वळणं घ्यायची, मग अंग सैल सोडायचं आणि उडायचं. अशा नोव्हेंबरात त्याच काठावर वीतभर बर्फ असतो, आणि पलीकडे उघडा खड्डा आणि दगड. बाहेरचा माणूस तिकडे फिरकत नाही, तो जीव मुठीत धरून पट्ट्यावरून उतरतो. फसतो तो इथलाच.

"पाहुणा डोळ्यांनी उतरतो, आपली पोरं पायांनी उतरतात," लेम्पी म्हणायची. "आणि पायांना महिना कळत नाही."

म्हणून ती चालत वर जायची आणि तळघरात बांबू खुपसून बघायची. कमरेएवढं भरल्याशिवाय ती हो म्हणत नसे. तेवढाच भाग दोर बांधून बंद करू, असं समितीने एकदा सुचवलं होतं. दोर पाहुण्यांसाठी असतो, एवढंच ती म्हणाली.

तिला एकच मुलगा, आर्ने. शाळेत असताना या डोंगरावर त्याच्याइतकं वेगात कोणी उतरत नसे. पुढे तो मिनीआपोलिसला गेला, इमारतींमध्ये हवा खेळवणारे पत्र्याचे नळ बसवण्याच्या कामाला लागला. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याची बायको त्याला सोडून गेली. लेम्पीला ते त्याच्याकडून नाही, दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर फोनवर तो हो-नाहीच्या पलीकडे बोलेना. शाळेच्या मागच्या दाराशी बटाटे सोलताना ती मला म्हणाली होती की तो काय खातो, झोपतो की नाही, काही समजत नाही. दोन दिवस डोळ्यांसमोर राहिला तर चेहऱ्यावरून कळेल. थँक्सगिव्हिंगला ये म्हणून तिने त्याला आडून आडून विचारलं. डोंगर उघडणार असेल तर येतो, तो म्हणाला. नाहीतर तिथे येऊन करू काय?

त्या वर्षी बुधवारपर्यंत हवा उबदार होती. तोफा दोनच रात्री चालल्या. तरी आर्ने शुक्रवारी आला. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती, स्की मात्र नीट घासून मेण लावून आणल्या होत्या.

त्या दुपारी लाकडी खोलीत सगळे जमले. शाळेच्या स्की संघातल्या मुलांच्या आयांकडे कॉफीचं काम असतं, म्हणून मीही होते. समितीचा अध्यक्ष एल्वुड ट्रेझोना, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, लेम्पीची वाट बघत होता. ती वरून बांबू घेऊन आली.

"लेम्पी, पट्टा कुठेही तुटलेला नाही. बघ तरी."

"बघूनच आले."

"उद्या सगळं गाव येणार. बायकांनी घरोघरी पास्ट्या करायला घेतल्यात."

"मग खा की. पास्टी खायला बर्फ लागत नाही."

लोक हसले. एल्वुड हसला नाही. त्याने आर्नेकडे बोट दाखवलं. "तुझा स्वतःचा पोरगा एवढी गाडी हाकत आलाय. निदान त्याच्यासाठी."

लेम्पीने आर्नेकडे पाहिलं. त्याने मान वळवली नाही, तोही तिच्याकडेच बघत राहिला. क्षणभर मला वाटलं, ती आता हो म्हणणार. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं. मुलगा घरात दोन दिवस राहावा म्हणून मी याहून मोठ्या गोष्टींना हो म्हटलं असतं.

"तळघर गुडघ्याएवढंही भरलेलं नाही," ती म्हणाली. "उद्या नाही."

आर्ने हसला आणि एल्वुडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, माझं आइसक्रीमसुद्धा ती आधी बांबू खुपसून बघायची." सगळे पुन्हा हसले, आणि तो बाहेर निघून गेला.

शनिवारी पायथ्याशी लोक जमलेच. विस्तव पेटवला, मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पास्ट्या उभ्या उभ्या खाल्ल्या. आर्नेच्या जुन्या सोबत्यांनी त्याला सोडलं नाही. इथे उभं राहायला आईला विचारलंस का रे, असं त्यांचं चाललं होतं. दुपारी घरी जाऊन त्याने बॅग उचलली. लेम्पीने त्याच्यासाठी वाफेच्या अंघोळीची सौना तापवली होती. रस्ता गोठायच्या आत निघतो, तो म्हणाला. तिने वेलदोड्याचा पाव फडक्यात बांधून दिला. राहा म्हणाली नाही. दारात तो म्हणाला, "पोचलो की फोन करतो."

पण तो गेला नाही. डोंगराच्या मागून लाकडं वाहणाऱ्या गाड्यांचा रस्ता जातो, तिथे त्याने गाडी लावली आणि स्की खांद्यावर टाकून पायी वर चढला. हंगाम सुरू होण्याआधी असं चढून उतरण्याला इथे कोणी चोरी मानत नाही. लेम्पीनेही तरुणपणी हे केलेलं आहे. पायथ्याचा विस्तव तोवर विझला होता. माणसं घरोघर गेली होती.

संध्याकाळी फोन आला नाही. लेम्पीने एकदा लावला, घंटा वाजली, आणि तो गाडी चालवत असेल म्हणून तिने ठेवून दिला. पुन्हा लावला नाही. मुलं मोठी झाली की आपण हात आवरायला शिकतो. फार फोन केले तर चिडतील, उद्या उचलणारच नाहीत, अशी भीती असते.

रविवारी चर्चच्या पायरीवर तिने मला विचारलं, "रागावला असेल, नाही का?"

मी हो म्हटलं. फोन आला नाही की माझ्या डोक्यात काय काय येतं ते मला माहीत आहे. त्यातलं काहीच मी बोलले नाही. रागावलेला मुलगा बरा.

दुपारी एल्वुड शिकारीच्या झोपडीतलं सामान आणायला मागच्या रस्त्याने गेला आणि त्याला गाडी दिसली. तो तसाच लेम्पीच्या दारात आला. गाडी कुठे उभी आहे एवढंच त्याने सांगितलं. ती काही न विचारता आत गेली, लाल जाकीट घालून बाहेर आली. एल्वुड पुढे सांगायचा, ती वरच्या टोकाला गेलीच नाही, झाडीत पाहिलं नाही, सरळ तळघराकडे चालत गेली.

आर्ने दगडी काठाखाली पडलेला होता. मांडी मोडली होती. कोपरांवर सरपटत तो उताराच्या दिशेने थोडा आला होता, तेवढा बर्फ घासला गेलेला दिसत होता. मग थंडीने गाठलं असणार. फोन गाडीत राहिला होता.

स्लेज तिनेच खाली आणली. एल्वुडने दांडे धरायला हात पुढे केला, तर तिने मान हलवून त्याला मागे राहायला सांगितलं. खाली आल्यावर तिने पट्टे पुन्हा एकदा घट्ट केले. ती प्रत्येकाचे करते.

दफन झाल्यावर चर्चच्या खालच्या खोलीत कॉफी होती. गाव दोन बाजूंनी बोलत होतं, हलक्या आवाजात, कपाकडे बघत. एल्वुडला मात्र आवरेना. त्याच्या बोलण्यात डंख नव्हता. तो आर्नेला लहानपणापासून ओळखत होता आणि त्याचे डोळे सुजले होते.

"लेम्पी, उघडला असता तर आम्ही सगळे तिथे होतो गं. पडल्या पडल्या खाली आणला असता त्याला."

"हो," लेम्पी म्हणाली. "आणि त्याचं बघून मागोमाग तुझ्या नाती उडाल्या असत्या." मग तिने किटली उचलली. "मला दोन्ही माहीत आहे, एल्वुड. कप इकडे कर."

त्या आठवड्यात सरोवरावरून बर्फ येतच राहिला. कुंपणं दिसेनाशी झाली. एल्वुड तिला सांगायला गेला की आर्नेसाठी म्हणून नाताळपर्यंत डोंगर बंदच ठेवायचं समितीने ठरवलं आहे. ती त्याच्यावर भडकली, म्हणे. बर्फ असताना बंद ठेवायचा, तर मग मी इतकी वर्षं करत होते तरी काय, असं तिने विचारलं. मग वर जाऊन आली आणि शनिवारी उघडायला सांगितलं.

माणसं थोडीच आली. माझ्या मनात रेवाला पाठवायचं नव्हतं. ती बूट चढवून दारात उभी राहिली, आणि मी गाडीची किल्ली घेतली. दिवसभर लेम्पी डाव्या अंगाला, मध्यावर उभी होती. पोरं तिच्या बाजूने उतरतच नव्हती. दुपारी ती त्यांच्यावर ओरडली की इथे उत्तम बर्फ आहे, या इकडून. तेव्हा एकदोन जणं खाली मान घालून तिच्यासमोरून गेली. रेवाही गेली. मी डोळे मिटून घेतले होते.

दोर थांबला की गस्तीवाल्याने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं असतं. जागोजागी थांबायचं, झाडीत हाक मारायची, ओ येत नाही ना ते ऐकायचं आणि मग पुढे सरकायचं. उजेड कमी होत होता. मी रेवाला गाडीत बसवून बाहेर उभी होते. वरून लेम्पीची हाक आली.

"कोणी राहिलंय का?"

काही वेळाने जरा खालून पुन्हा तीच हाक. मग मध्यावरून. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. एल्वुड उतारावरचे दिवे घालवायला निघाला होता, तो बटणापाशी थांबून राहिला. आम्ही कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही.

शेवटी ती उतरून आली. स्की काढल्या, हातमोज्याने नाक पुसलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "घालव दिवे."