ड्रममध्ये भरलेलं ग्रीस

पन्हाळ्याच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे, दादाचं आणि माझं. रस्त्याखाली गेलेल्या गाड्या दादा आमच्या जीपच्या विंचनं, मोटरनं ड्रमवर दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून काढायचा आणि दुरुस्तीचं मी बघायची. डिप्लोमा मी केलेला, त्यामुळे यंत्र उघडलं की शेवटचा शब्द माझा, हे त्यानंच ठरवून टाकलं होतं.

त्या पावसाळ्यात पुरातल्या गाड्या काढताना विंच दोनदा पाण्याखाली गेला. उघडला तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. सगळे गिअर रॉकेलनं धुऊन वाळवले आणि नवीन ग्रीस आणायला शहरात गेले. दुकानदार गडहिंग्लजकडचे, पिकल्या मिशांचे, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी आधी एकच विचारलं, ब्रेक कुठं आहे? मोटर थांबली की दोर धरून ठेवतो तो ब्रेक ड्रमच्या आतच आहे, म्हटलं. त्यांनी मऊसर, तांबूस ग्रीसचा डबा पुढं केला.

“अक्का, गिअरला हे लावायचं, तेबी थोडकं. ब्रेकला बोटसुद्धा लागू द्यायचं न्हाय.”

डबा घेऊन आले. पण ते ग्रीस बोटावर घेतलं आणि मन घेईना. इतकं मऊ, पुढच्या पाण्यात धुऊन जाणार. गॅरेजात गाड्यांखालच्या कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, पिनांना पंपानं मारतो त्या ग्रीसची बादली होती. घट्ट, चिकट, पाण्याला दाद न देणारं. ते उष्णतेनं पातळ होतं हे मी वर्गात शिकले होते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पाणी होतं. मी तेच भरलं, आणि थोडकं नाही, गच्च भरलं. कुठलं घातलंस, असं दादानं विचारलंही नाही.

गॅरेजसमोर दुरुस्तीला आलेली दुसरी जीप दोराला लावून ओढून बघितली. विंच इतका गपगार चालला की मलाच बरं वाटलं.

आठवड्याभरानं दुधाचा एक टेम्पो घसरून रस्त्याखालच्या ओघळीत गेला. दुपारची वेळ होती, पाऊस थांबलेला, गवत निसरडं. टेम्पोचा ड्रायव्हर सुखरूप वर आला होता. दादानं खाली जाऊन टेम्पोच्या मागच्या बाजूला दोराचा हूक लावला. विंचचा रिमोट माझ्या हातात. टेम्पो निम्म्यावर आला आणि मागचं चाक एका दगडाच्या खाचेत अडकलं. दादा खालून म्हणाला, थोडं सोड. सोडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा तिथंच अडलं. असं चार वेळा झालं. भार असताना दोर सोडला की ब्रेक तापतो. जळक्या तेलाचा वास आला. ड्रमला हात लावला तर चटका बसला. तेव्हाच थांबायला हवं होतं. जुनं ग्रीस राहिलं असेल, ते जळतंय, अशी मी माझी समजूत घातली.

दादा पहार घेऊन त्या दगडाशी वाकला. मी बटणावरचं बोट काढलं. मोटर थांबली, पण ड्रम थांबला नाही. दोर सोडत बोटभर उलटा फिरला, मग आणखी बोटभर, काही आवाज न करता. मी ओढायचं बटण दाबलं. मोटर कण्हली, दोर ताणला गेला, पण चाक दगडापुढं हलेना. बोट उचललं की पुन्हा तेच.

“दादा, बाहेर ये. ब्रेक धरंना झालाय.”

“हा निघाला की दगड. एक मिनिट थांब,” तो मान वर न करता म्हणाला.

त्यानं पहार दाबली, चाकाचा निम्मा भार पेलणारा दगड निसटला आणि सगळा भार एकदम दोरावर आला. ड्रम गरकन फिरला. टेम्पो हातभर खाली घसरला आणि ओघळीच्या बांधाला टेकला. दादाचा डावा पाय चाकाखाली होता. त्याचा चेहरा पांढरा पडताना मी वरून बघत होते.

ड्रायव्हरनं आणि मी जॅक लावून त्याला काढलं. घोट्यात सळ्या बसल्या, तीन ऑपरेशनं झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण निसरड्या गवताला दोष देत होता आणि मी चहा देत होते.

महिनाभरानं मी विंच उघडला. पातळ झालेलं ग्रीस ब्रेकच्या चकत्यांवर पसरून थिजलं होतं. चकत्या चकचकीत, निबर. एक कागदात गुंडाळून घरी नेली आणि दादाच्या हातात दिली. कुठलं ग्रीस भरलं, का भरलं, दुकानदार काय म्हणाले होते, सगळं सांगितलं.

त्यानं चकतीवरून अंगठा फिरवला, वास घेतला.

“त्या वक्ताला माझ्या जागी ड्रायव्हर खाली गेला असता तर?” तो म्हणाला. “त्याला तर विंचचं काय म्हाईतबी नसतं.”

मी चकती परत कागदात गुंडाळली.

दादा आता काठी घेऊन चालतो, त्याला क्लच दाबता येत नाही. जीप मी चालवते. विंच मी पुन्हा बांधला, दुकानदारांनी सांगितलं तसा, आणि तो नीट धरतो. रिमोट दादाकडे असतो. हूक लावायला खाली मी जाते. दोर ताणला की वरून त्याचा आवाज येतो, बाजूला हो. मी लगेच होते. तरी तो बटण दाबत नाही. आणखी मागं हो, म्हणतो, आणि मी पाठ झाडाला टेकेपर्यंत मागे सरकत राहते.