आईला बेडरेस झाला

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या भागात अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे काही उचलताना-वाकताना चमक येऊन कंबर धरली, की पायाळू माणसाला बोलवायचं आणि पाठीवर लाथ मारून घ्यायची. लाथ म्हणजे नुसता पाय लावायचा, तीन वेळा, आणि म्हणायचं, ऊठ. मग तो माणूस कण्हत-कुंथत उठायचा आणि चार पावलं टाकायचा. बरं वाटतंय म्हणायचा.

पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात पायाळू मी एकटीच. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या कडेला. ज्या ओट्यावर आम्हाला चहा वेगळ्या कपात मिळायचा आणि तो कप आम्हीच विसळून बाजूला ठेवायचा, त्याच ओट्यावर चांगले जाडजूड बाप्ये पालथे पडून माझ्या लाथेची वाट बघायचे. हाताचा विटाळ आणि पायाचा गुण! मी सात-आठ वर्षांची होते, मला त्यात मजाच वाटायची. वडील साखर कारखान्यात कामाला होते. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपन अंगारे-धुपारे सोडले ते दुसऱ्याच्या दारात जाऊन करायला न्हाई." त्या दिवसापासून माझी लाथ बंद झाली.

वडिलांचं बोलणं मी असं काही मनावर घेतलं की पुढे त्याचा मला ताठाच चढला. नगरला राहून डी. फार्मसी केलं. घरात पहिलीच शिकलेली मुलगी. औषधांची लांबलचक नावं न अडखळता घेता यायला लागली, तशी मी गावातल्या माणसांकडे कीव केल्यासारखी बघायला लागले. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजू नये.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. शिक्षण संपवून, नोकरीसाठी अर्ज टाकून मी घरी बसले होते. आई पेरूच्या बागांमध्ये तोडणीला जायची. दहा-बारा बायकांची टोळी, आणि आई तिची म्होरकी. कोणती बाग कधी धरायची, कुणी झाडावर चढायचं, कुणी फळं निवडायची, हे आई ठरवायची. बागाईतदारसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे. आणि चालायची तर अशी की तिच्याबरोबर जायचं म्हणजे आम्हाला अर्धं अंतर पळावं लागायचं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी भरलेली पाटी उचलताना तिची कंबर धरली. बायकांनी तिला पेरूच्या टेम्पोत घालून घरी आणली. शेजारची मावशी लगेच म्हणाली, "पोर घरातच हाय की पायाळू. लाव गं पाय आईच्या पाठीला."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझी खात्री आहे, मी पाय लावला असता तर तिला चाललं असतं.

"असल्या गोष्टी आमच्या घरात होत नाहीत," मी मावशीला म्हणाले. तेही वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तसल्या भाषेत.

तालुक्याच्या गावी हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आहे." चिठ्ठीवर लिहिलं, स्ट्रिक्ट बेड रेस्ट, तीन आठवडे. गादीखाली लाकडी फळी. सगळं अंथरुणातच करायचं. बसायचं नाही, उभं राहायचं तर मुळीच नाही. आईकडे बोट करून ते म्हणाले, "उठलात तर जन्माच्या पांगळ्या व्हाल." आणि मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. जेलरनं काय ठेवावं असं ठेवलं. चिठ्ठी भिंतीला चिकटवली. कुशीवर कधी वळायचं तेही मीच सांगायचे. भेटायला येणाऱ्या बायका बाहेर जाऊन एकमेकींना सांगायच्या, "तिला बेडरेस झालाय." जशी कावीळ होते, टायफॉईड होतो, तसा बेडरेस. मी हसायचे आणि त्यांना समजावून सांगायचे की बेड रेस्ट हा आजार नाही, उपचार आहे. माझ्याएवढं अडाणी त्या घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

आठवड्याभरात आईचं दुखणं उतरलं. "कमी हाय गं आता. भितीला धरून जरा उभी ऱ्हाऊ का?" ती विचारायची. मी चिठ्ठीकडे बोट करायचे. बागेत तोडणी जोरात चालू होती. टोळीतल्या बायका सकाळी आमच्या दारावरून जाताना तिला हाक मारून जायच्या. त्यांच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत आई ऐकत राहायची.

दुसऱ्या आठवड्यात मी गिरणीवरून दळण घेऊन आले तर आई दारात उभी. चौकटीला खांदा लावून, उन्हात, केस विंचरत होती. मला बघून हसली. लहान मूल पहिलं पाऊल टाकल्यावर हसतं ना, तशी.

मी जे काही ओरडले ते आज लिहवत नाही. अडाणी म्हणाले. आमच्या जिवाला घोर लावतेस म्हणाले. शेजारपाजार गोळा झाला. आई आपल्या पायांनी चालत आत गेली, आपली आपण आडवी झाली आणि म्हणाली, "चुकलं माजं."

तिसरा आठवडा संपल्यावर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठ दाबून पाहिली आणि विचारलं, "मध्ये उठल्या होत्या का?"

आईच्या आधी मी सांगितलं, "हो, एकदा उठली होती."

"मग कसं व्हायचं? आणखी तीन आठवडे."

त्या तीन आठवड्यांत आई बदलली. पोटऱ्या सुकल्या. जेवण कमी झालं. उठू का, हे विचारायचंही तिनं सोडून दिलं. शेवटी जेव्हा उठायची परवानगी मिळाली, तेव्हा तिला दोघांनी धरून उभं केलं आणि ती थरथर कापायला लागली. "ह्ये पाय माजे न्हाईत," म्हणाली. कंबर आधीपेक्षा जास्त दुखत होती. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वर सुनावलं, "ऐकलं नाही, त्याचे हे परिणाम."

ती पुन्हा कधी तोडणीला गेली नाही. चाळिशीची बाई भिंत धरून चालायला लागली. वाकायची भीती, उचलायची भीती, शिंकायचीसुद्धा भीती. टोळीला दुसरी म्होरकी मिळाली. आणि गावात, घरात, आमच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली: आई त्या दिवशी उठली, म्हणून असं झालं. वडील म्हणायचे, मावशी म्हणायची, मीही म्हणायचे. पुढे एकदा कशावरून तरी आमचं वाजलं, तेव्हा मी फाडकन बोलले, "तू तेव्हा उठली नसतीस तर आज ही वेळ आली नसती." आई म्हणाली, "व्हय बाई. माजंच चुकलं."

पुढे मला नगरला एका दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी लागली. तिथंच केडगावला खोली घेतली. दवाखान्यात डॉक्टरांसाठी इंग्रजी मासिकं यायची आणि प्लॅस्टिकच्या वेष्टणातच पडून राहायची. जेवणाच्या सुट्टीत मी ती फोडून वाचायचे, शेजारी शब्दकोश घेऊन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका अंकात कंबरदुखीवर आढावा होता. ठिकठिकाणी झालेल्या चाचण्या गोळा करून शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. काही रुग्णांना झोपवून ठेवलं होतं, काहींना जमेल तसं हिंडाफिरायला सांगितलं होतं. झोपलेल्यांना काही फायदा झाला नव्हता. उलट हिंडणारे लवकर कामाला लागले होते.

मी ते दोनदा वाचलं. मग शब्दकोशात 'रेस्ट' हा शब्द पाहिला. वेडेपणाच तो, पण मला वाटलं त्याला दुसरा काही अर्थ असेल.

माझ्या लाथेनं उसण जायची असं मी आजही म्हणणार नाही. ती बहुधा आपली आपणच जायची. पण लाथ मारून झाल्यावर आम्ही 'ऊठ' म्हणायचो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, उठू नका. सगळी शिकलेली माणसं एका बाजूला होती आणि ती बाजू चुकीची निघाली.

त्या पानांची झेरॉक्स घेऊन मी आईच्या त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. पेशंटसारखा नंबर लावला. त्यांनी कागदांवर वरवर नजर टाकली आणि मोकळेपणानं म्हणाले, "हो, हो. आता आम्हीही दोन दिवसांच्या वर झोपवत नाही. शास्त्र बदलत असतं, ताई."

"मग माझ्या आईला हे कुणी सांगायचं?"

"किती वर्षं झाली? जुना केसपेपर आहे का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढच्या नंबरसाठी घंटी वाजवली.

शास्त्र बदलतं, हे मलाही कळतं. त्या काळी बहुतेक सगळेच तसं सांगत होते. त्यांनी आईला झोपवलं याचा राग मी कदाचित गिळला असता. 'मध्ये उठल्या होत्या का' हे विचारल्याचा राग मला गिळता येत नाही. उपचार फसला की पेशंटचा गुन्हा शोधायचा, आणि त्यासाठी घरातलीच साक्षीदार उभी करायची. मी ती साक्ष हौसेनं दिली होती.

त्याच दिवशी गावी गेले. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. शेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. काही बाया-माणसांना झोपवलं होतं, काहींना चालायला सांगितलं होतं, आणि पुढे काय झालं. तुझं काही चुकलं नव्हतं, उठलीस ते बरोबरच होतं, हेही सांगितलं. वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. खरं तर माझं उतरेल असं वाटलं होतं.

आईनं हातातली पाकळी सोलून बाजूला ठेवली.

"माज्या उठन्यानं झालं म्हनून एवढी वर्सं काढली मी," ती म्हणाली. "आता तुज्या झोपवन्यानं झालं म्हनून कशी काढू? ऱ्हाऊ दे ते. कागद घेऊन जा परत."

त्यानंतरही कुणी तिला भिंत धरून चालताना बघून विचारलं, की ती तेच सांगायची. डॉक्टरानं पडून ऱ्हायला सांगितलं हुतं, पन मी मेली ऐकते कुठं, उठले. माणसं चुकचुकायची. मी तिथंच शेजारी बसलेली असायचे, आणि तिला ते सांगू द्यायचे.