आक्काचा राहिलेला भाग

माझ्या नवऱ्याच्या केडगावच्या मामांकडे नाही असा जुना पिक्चर अजून कोणी काढलेलाच नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी अशा तीन पिढ्या त्यांच्या घरात तीन लोखंडी कपाटं अडवून बसल्या आहेत, आणि मामींच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या आहेत. दूरदर्शनच्या जुन्या मालिका तर मामांनी स्वतः, दर आठवड्याला घड्याळ लावून, एकेक भाग करून भरून ठेवल्या. सगळं आहे. नव्हता तो फक्त एका मालिकेचा शेवटचा भाग, आणि त्या एका भागापायी या माणसाची चाळीस वर्षं खर्ची पडली.

मामा राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की बैलाचा पाय बाहेर आहे की आत, हे बघितल्याशिवाय ते आकडा लिहीत नसत. तोच काटेकोरपणा त्यांनी निवृत्तीनंतर पिक्चर बघण्यात आणला. त्यांच्याकडे पिक्चर सुरुवातीपासून बघावा लागतो, आणि सुरुवात म्हणजे पाटी पडते तिथपासून. सगळी नावं मामा मोठ्याने वाचतात. माझ्या भावाने एकदा रिमोट हातात घेऊन नावं पुढे ढकलली. मामांनी शांतपणे कॅसेट काढली, पार उलटी गुंडाळली आणि पुन्हा लावली. "पावनं, लग्नाला गेल्यावर मांडवात न जाता डायरेक पंगतीला बसता का?" एवढंच म्हणाले. मध्यंतरही घरात होतं, आणि ते पाळावं लागतं. दिवे लागतात, सगळ्यांनी उठून अंगणात जायचं, मामींनी केलेली ओली भेळ खायची आणि आतापर्यंतच्या गोष्टीवर बोलायचं. पुढे काय होणार हे ज्याला माहीत असेल त्याने गप्प बसायचं. मी एकदा बोलून गेले होते, तर पुढच्या दोन पिक्चरना मला बोलावणं आलं नाही. तेव्हा मला रागच आला होता. शाळेत मुलांना शिक्षा मी करते, मला कोणी करत नाही.

कॅसेट नेणाऱ्याची ते आधी मुलाखत घेतात. घरात टीव्ही कुठे आहे, समोर जेवता का, बघताना फोनवर बोलता का. फोनवर पिक्चर बघणाऱ्याला तर काहीच मिळत नाही. श्रावण सरला की सगळ्या कॅसेटी सावलीत बाजेवर मांडून त्यांना वारा दाखवायचा, आणि तेवढे दिवस घरात कुणी उदबत्तीही लावायची नाही, असा नियम आहे. जुन्या कॅसेटींचा वास त्यांना कुठूनही येतो. नेवाशाला आम्ही एका लांबच्या नातेवाइकांच्या दहाव्याला गेलो होतो. पिंडाला कावळा शिवला, माणसं जरा सैलावली, तेवढ्यात मामा गेलेल्यांच्या मुलाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आबांचा व्हीसीआर हुता न्हवं? त्याच्यासंगच्या कॅसेटी कुठं ठेवल्यात?" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या मुलाने डोळे पुसत माळ्यावरून दोन खोकी काढून दिली, आणि वर म्हणाला की आबांची आठवण कुणी अशी काढली नव्हती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. ती मालिका एका सुनेची होती. तालुक्याच्या गावातली शिकलेली सून, तिला बाहेरगावी नोकरी लागते आणि घरचे नको म्हणतात, एवढीच गोष्ट. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, राहुरीजवळच्या आमच्या गावात शेजारच्या मास्तरांच्या घरी जाऊन दर आठवड्याला ती बघायच्या. त्यांना स्वतःला लग्नानंतर नगरला नर्सिंगच्या शिक्षणाचं पत्र आलं होतं. माझ्या सासऱ्यांनी ते वाचून घडी घातली आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. म्हणून ती सून शेवटी जाते की राहते, याच्यावर सासूबाईंचा फार जीव होता. नेमका शेवटच्या भागाच्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या नवऱ्याला गोवर निघाला आणि त्यांना घराबाहेर पडता आलं नाही. त्यांनी भावाला निरोप धाडला, तेवढा भाग भरून ठेव.

मामांनी भरला. पण मामांना जाहिरातींचा तिटकारा. जाहिरात लागली की ते रेकॉर्डिंग थांबवायचे आणि संपली की पुन्हा चालू करायचे, त्यामुळे त्यांच्या कॅसेटी धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ. त्या दिवशी त्यांनी शेवटच्या जाहिरातीला पॉज दाबला आणि तेवढ्यात दारात पोस्टमन आला. त्याच्याशी बोलून आत आले तेव्हा बातम्या लागल्या होत्या. कॅसेटमध्ये ती सून बॅग घेऊन उंबऱ्याशी आली होती, आणि त्यापुढे पडद्यावर नुसत्या मुंग्या.

बहिणीला त्यांनी सांगितलं, कॅसेटीला बुरशी लागली. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की सासूबाई म्हणायच्या, "बाळ्या, वोवाळनी ऱ्हाऊ दे. माझा शेवटचा भाग आन." आणि मामा मान खाली घालून म्हणायचे, "बघतोय आक्का." ती मालिका पुन्हा लागली नाही, तिची डीव्हीडी निघाली नाही, इंटरनेटवर मी शोधली तर पहिले काही भाग मिळाले आणि पुढे काही नाही. माझा नवरा म्हणतो, माझा गोवर अजून बरा झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना काचबिंदू निघाला. तोवर बराच उशीर झाला होता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आहे ती नजर फार दिवस टिकणार नाही. ते ऐकल्यापासून मामा रोज दुपारी केडगावहून स्कूटरवर सावेडीला, नगरमधल्या आमच्या आताच्या घरी, यायला लागले. कॅसेट लावायची, आक्काच्या शेजारी बसायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. सांगण्यातही काटा हललेला त्यांना खपत नसे. "डावीकडून म्हातारा आला. हातात छत्री हाय, काळी. न्हाई, थांब, निळी हाय." एकदा सासूबाई वैतागून म्हणाल्या, "छत्री कसली का असंना, त्यो रडतोय का सांग." मामा म्हणाले, "अजून न्हाई. डोळ्यात पानी हाय, पन खाली पडलं न्हाई." मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. डोळे शाबूत असून मी कधी एवढं बघितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात राहुरीहून फोन आला. तिथे पूर्वी व्हिडिओ लायब्ररी चालवणारे एक चाचा होते. ते गेले, आणि त्यांच्या सूनबाई घर रंगवायला काढताना माळा उतरवत होत्या. "मामू, तुम्ही विचारायचात ना, ती मालिका सापडली. शेवटपर्यंत आहे बहुतेक," त्या म्हणाल्या. मामा त्या उन्हात स्कूटरवर राहुरीला गेले आणि कॅसेट शर्टाच्या आत धरून थेट आमच्याकडे आले. आधी एकटे बघून घ्या, निदान चालते का ते तरी बघा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "आक्काच्या आदी मी बघनार न्हाई." पण तोवर उशीर झालाच होता. सासूबाईंना आता उजेड-अंधार तेवढा कळत होता.

चाचांनी कधी पॉज दाबलेला नव्हता. साबणाच्या, सायकलच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या, सगळ्या जाहिराती जशाच्या तशा होत्या, आणि आयुष्यभर त्यांना शिव्या घालणारे मामा त्या हात जोडून बघत होते. शेवटची जाहिरात संपली. सून बॅग घेऊन उंबऱ्याशी उभी होती. त्यापुढे पडद्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त सनई वाजत होती.

मी मामांच्या मागे उभी होते. पडद्यावर त्या मुलीने बराच वेळ रस्त्याकडे बघितलं. मग बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि ती आत गेली. सासूबाईंनी मामांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"बाळ्या, काय करती रं ती?"

मामांनी पडद्यावरच्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"निघाली आक्का. यष्टीत बसली."

"मागं वळून बघितलं का?"

"न्हाई. एकदाबी न्हाई."

सासूबाईंनी हात सोडला आणि भिंतीला टेकून बसल्या. "मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि समोर पाठमोऱ्या बसलेल्या त्या माणसाचा अभिमानही वाटला. या माणसाने छत्रीचा रंगसुद्धा कधी खोटा सांगितला नव्हता.

आता सासूबाई आल्यागेल्या बायकांना ती गोष्ट सांगतात. हल्ली त्या सुनेला खिडकीजवळची जागा मिळते, आणि गाडी नगरची असते. मामा समोर असले तर मान डोलावतात. मी एकदाच, त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले असताना म्हटलं, "मामा, मला तर ती आत गेलेली दिसली."

त्यांनी स्कूटर सुरू केली, आरसा नीट केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेप लई जुनी हाय सूनबाई. तुमाला नीट दिसलं नसंल."

मी म्हटलं, "असेल."