वकिलातीतले आबा

आबांच्या घरात माणसे दोन, ते आणि काकी. पण त्यांचे सामान चार दुकानांतून यायचे. दोन पाव बेकरीतून, दोन स्टँडजवळच्या टपरीवरून. बांगडे घ्यायचे तरी दोघी मासेवाल्यांकडून तीन तीन. पिशवीवर नेहमी वर्तमानपत्र झाकलेले. आमच्या आळीतला वाणी त्यांना पाहिले की ओरडायचा, "काय आबा, आज कोण लपलाय घरात?" आबा पुढे वाकून हळूच म्हणायचे, "सांगायचं नसतं." दोघेही हसायचे. वाणी जरा जास्तच.

आबा आधी जहाजावर आणि मग परदेशात एका वकिलातीच्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. तिथे राज्य उलटले, दुसऱ्याच एका देशाच्या वकिलातीत जमाव घुसला, आणि तिथली सहा माणसे पळून या साहेबाच्या घरी आली. साहेबाने त्यांना दीड महिना लपवले आणि खोट्या पासपोर्टांवर विमानात बसवून दिले. ही बातमी पेपरात आली होती, त्यामुळे ती सगळ्यांना खरी वाटायची. आबा तिथे होते, हे मात्र कोणाला खरे वाटत नसे. "पुरावा दाखवा," म्हणायचे लोक. आबा म्हणायचे, "अरे मेल्या, पुरावा ठेवला असता तर सगळेच आत गेलो असतो!"

मी त्यांच्या शेजारची नवी सून. चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. आबा गडग्यापलीकडून मला कस्टर्ड कसे ढवळायचे ते सांगायचे. "एकाच बाजूने ढवळ गो, दूध घाबरतं." एकदा असेच सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "हसू देत लोक. पण मरायच्या आधी एकाने तरी म्हणावं, आबा, तुम्ही होतात." मी मान खाली घालून ढवळत राहिले. होय म्हणायचे होते, पण जमले नाही.

त्या मे महिन्यात दुबईहून आलेल्या दिनूने व्हिडिओ आणला. एका रविवारी तो कॅसेट घेऊन आला ती नेमकी त्याच सुटकेवरच्या इंग्रजी पिक्चरची. दुपारी त्याच्या घरच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पुरुष पुढे, बायका मागे. आबा इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून सगळ्यात पुढे बसले. सुरुवातीची अक्षरे वाचून गुरुजी म्हणाले, "खरी घटना आहे, असं लिहिलंय." सगळ्यांनी आबांकडे पाहिले.

साहेब दिसला तसे आबा म्हणाले, "एवढा देखणा कुठला! टक्कल होतं." लोक हसले. पिक्चरमध्ये फोन वाजत होते, गाड्या पळत होत्या, बंदुकाही निघाल्या. घरातले दार उघडले की आबा पुढे सरकायचे. "आता येईल," म्हणायचे. दारातून कधी साहेब यायचा, कधी पोलीस. शेवटी विमान उडाले. स्वयंपाकी काही आला नाही.

गोधड्या काढल्या. वाणी म्हणाला, "आबा, तुम्ही खंय दिसलात नाय ते? पलंगाखाली होतात काय?" सगळी खोली हसली. आबाही हसायला गेले, पण ओठ नुसते हलले. ते चपला शोधू लागले. चपला त्यांच्या समोरच होत्या.

"मग ती माणसं जेवली काय?"

हे मीच बोलले होते. सगळे मागे वळले. पदर तोंडाशी धरून मी पुढचेही बोलून टाकले, "दीड महिना सहा माणसं. सगळ्या पिक्चरात चूल पेटली नाही."

"होय गो!" दिनूची आई म्हणाली. "नि साहेब-मडम धरून आठ जणांची भांडी कोणी घासली?"

"नि रोज आठ जणांचे पाव आणले तर दुकानदार विचारणार नाय?" दुसरी म्हणाली.

"विचारणार नाय कसा? माझ्याकडे पाहुणा आला नि एक नारळ जास्त घेतला, तर हा वाणीच विचारतो, कोण आलाय म्हणून!"

आता सगळे वाण्याकडे बघून हसू लागले. आबांनी हातात घेतलेल्या चपला खाली ठेवल्या. "म्हणून तर चार दुकानं," ते म्हणाले. मग बायकांनी त्यांना चहा होईपर्यंत सोडले नाही. आबा सांगत गेले. अंड्यांची टरफले गुलाबांच्या मुळाशी पुरली होती. पाहुण्यांचे कपडे घरातच वाळवले होते. माझ्याकडे बघून आबा म्हणाले, "ही नवी सून एवढं बोलते?" मी आत पळाले, पण दाराआड उभी राहिले.

शेवटी वाण्याने विचारले, "नि एकालाही कळलं नाय?"

"बेकरीवाल्याला कळलं होतं," आबा म्हणाले. "एक दिवस त्याने न मागता दोन पाव जास्त घातले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, सांगायचं नसतं."

वाणी त्यानंतरही रोज तेच विचारायचा. पण आता दोघे सारखेच हसायचे.

तिसऱ्या वर्षी आबा गेले. तेराव्याच्या जेवणाचे सामान आणायला काकींनी मला पाठवले. अर्धे सामान दुसरीकडून घेऊन मी वाण्याकडे गेले तेव्हा माझ्या लक्षात आले की पिशवीवर मी वर्तमानपत्र झाकले आहे. वाण्याने त्या पिशवीकडे पाहिले. मग म्हणाला, "काय वहिनी, आज कोण लपलाय घरात?"

"सांगायचं नसतं," मी म्हटले.

त्याने माझे पाच नारळ मोजले, वर न मागता आणखी एक घातला, आणि माझ्याकडे न बघता पिशवीवरचा कागद नीट केला.