खरवडलेले खांदे

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत रोज भेटणारे हे गृहस्थ पाच मिनिटं एका जागी टिकत नसत. उतरायचं हॅरोला, पण त्याआधीच्या वेम्बली पार्कलाच उठून दाराशी उभे. तोवर मांडीवर इंटरनेटच्या लिलावात घेतलेले जुन्या रशियन सैनिकांचे फोटो, हातात भिंग आणि सारखा हलणारा गुडघा. सैनिकाचा चेहरा ते ट्रॅव्हलकार्डनं झाकायचे.

"चेहऱ्यावरून काही कळत नाही रे. खांद्यावरची पट्टी बघ. हा तोफखान्यातला. नेक्स्ट!"

मला ते जरा निर्दयच वाटायचं. माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या बिल्ल्याकडेही ते तसेच बघत.

एकदा एका फोटोत दोन्ही खांदे पांढरेफटक निघाले.

"ब्लेडनं खरवडलेत," ते म्हणाले. "घरच्यांनीच. क्रांतीनंतर झारच्या ऑफिसरचा फोटो घरात सापडला, की सगळे गेलेच."

"मग सरळ जाळून का नाही टाकला?"

गुडघा थांबला. त्यांनी कार्ड बाजूला केलं आणि तो चेहरा बघत राहिले. वेम्बली पार्क मागे गेलं.

"अहो, हॅरो आलं."

"हो," म्हणाले.

दारं उघडली, मिटली. ते बसूनच होते.