समोरची बैठक

चांद्याच्या आमच्या आखाड्यात फरी-गदक्याचा खेळ चाले. एका हातात कातड्याची लहान ढाल, ती फरी. दुसऱ्या हातात कातडं मढवलेली काठी, तो गदका. पाच टोले आधी ज्याचे, तो जिंकला. सहाव्या वर्षी तापानं माझ्या दोन्ही पायांतलं बळ आणि जाणीव नेली, तरी चार दसरे मी या खेळात कुणाला हार गेलो नाही. हे मी बढाई म्हणूनच सांगतोय. बढाई मारायला माणसाकडे काहीतरी असावं लागतं आणि माझ्याकडे तेवढंच होतं.

वस्तादांनी सुताराकडून माझ्यासाठी चार चाकांची बसकी गाडी करून घेतली होती. खेळताना चाकांखाली पाचरी ठोकत. पण मी बसलेला आणि समोरचा गडी नाचतोय, हे वस्तादांना पटेना. "त्यालेबी बसवा," ते म्हणाले. "दोघायलेबी मांगं सरता येऊ नये. मंग पाहू, हात कोनाचा हाये." म्हणून माझ्या गाडीसमोर सागाचा एक ओंडका जमिनीत गाडला. आलापल्लीकडच्या जंगलातून लाकडाच्या गाड्या येत, त्यांतल्याच एकीतून तो आला होता. समोरच्यानं त्यावर बसायचं.

पहिल्या दसऱ्यापासून एक गोष्ट मला दिसत होती, पण मी ती मनावर घेतली नाही. समोरचा गडी पहिले दोन टोले झोकात खेळे. मग त्याची नजर माझ्यावरून सुटून खाली जाई. तो गुडघा चोळू लागे. कपाळावर घाम आणि हातावर काटा. नेमका तेव्हाच मी टोला हाणी. एक पहिलवान उठता उठता म्हणाला, "खालून थंडी चढते बे. कोनी पाय धरून राह्यला, असं वाटते." आम्ही पोट धरून हसलो. हरलेल्याला काहीतरी सांगावंच लागतं. पण पुढे एकमेकांना न ओळखणाऱ्या गड्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा हसणारा मी एकटाच उरलो. एरवी दुपारी मंडळी टेकायला जागा शोधत, पण त्या ओंडक्यावर कुणी बसेना.

पाचव्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी जंगलातल्या गावाची एक म्हातारी बैलगाडीतून आली. सोबत तिचा भाऊ होता. वर्षानुवर्षं लाकडाच्या डेपोंमधून माग काढत ती आमच्यापर्यंत पोचली होती, हे आम्हाला नंतर कळलं. ती थेट ओंडक्यापाशी गेली. मुठीतले तांदूळ ठेवले, द्रोणातली मोहाची दारू ओतली आणि गोंडीत बोलू लागली. बोले, थांबे, ऐके, पुन्हा बोले. भर दुपारी माझ्या अंगावर शहारा आला. मग सगळं कळल्यासारखी मान हलवून तिनं वस्तादांना विचारलं, "माह्या बुढ्याले उलटा काऊन गाडला, भाऊ?"

एका बाजूनं माती उकरली. खालच्या टोकाला कोरलेला माणूस निघाला. हातात काठी, डोकं मातीत. तिच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं असा खांब रोवतात; हा तिच्या नवऱ्याचा होता. जंगलात तोड करणाऱ्यांनी तो नुसतं लाकूड समजून उचलला, आणि बसायला सपाट बाजू वर हवी म्हणून आमच्या सुतारानं कोरलेली बाजू खाली घातली. काय कोरलंय, ते पाहायची कुणाला गरज वाटली नव्हती. वस्तादांनी दोन्ही कान धरले. "उद्या नेजो, बाई. चुकलं आमचं."

म्हातारीला राग नव्हता. राग मला आला होता, आणि रागाखाली भीती होती. चार वर्षांचा माझा मान एका मेलेल्या म्हाताऱ्यानं मिळवून दिला होता का? "मले बसवा त्याच्यावर," मी म्हणालो. "मागच्या साली हरला त्याले माह्या गाडीत बसवा. एकच डाव. मंग घेऊन जा." वस्ताद नाहीच म्हणत होते. म्हातारीनं माझ्या पायांकडे पाहिलं. "बसू द्या त्याले," ती म्हणाली. "माहा बुढा काही करत नाई. त्याले थंडी वाजते फक्त."

दसऱ्याला सकाळी मला ओंडक्यावर बसवलं आणि कमरेभोवती धोतर गुंडाळून मागं ठोकलेल्या एका खुंट्याशी आवळलं. पहिले दोन टोले माझे. मी थंडीची वाट पाहत होतो. काही नाही. तिसरा त्याचा, चौथा माझा, पुढचे दोन त्याचे. अजून काही नाही. माझाच हात होता तर, माझाच! मी आणखी एक टोला हाणला, त्यानं तो फेडला. चार-चार झाले. त्यानं खांदा उघडा टाकला आणि मी गदका उचलला.

तेव्हा डाव्या टाचेला गार लागलं.

ज्या पायावर निखारा पडला तरी मला कळलं नसतं, त्या पायाला. मग तळवा गार झाला, मग बोटं, मग नडगी. मग दुसरा पाय. मला माझे पाय कुठे आहेत ते कळत होतं. गदका वर तसाच राहिला आणि मी खाली पाहत बसलो. त्याचा टोला माझ्या खांद्यावर बसला.

लोक ओरडले. कुणीतरी माझ्या कमरेची गाठ सोडायला आलं. "सोडू नका!" मी किंचाळलो. वस्तादांना वाटलं, मला हार सोसत नाही. "होते असं, गड्या. ऊठ."

"हरलो, वस्ताद. मान त्याले द्या. मले उचलू नका." मी ढसाढसा रडत होतो आणि मला लाज वाटत नव्हती. मला जन्मभर तिथंच बसायचं होतं.

म्हातारी पुढे आली, समोर उकिडवी बसली आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खरखरीत, गरम हात. तो मला जाणवला.

"सोड आता, बाबू," ती म्हणाली. "त्याले घरी न्याचं हाये."

गाठ मीच सोडली. दोघांनी मला काखेत धरून उचललं आणि माझ्या गाडीत ठेवलं. म्हातारी सोबत आली. तिचा हात माझ्या गुडघ्यावरच होता. आता तो मला फक्त दिसत होता.